लेकीच्या तिकिटातलं जेवण

माझं विमान तुझ्यामुळे चुकलं. हे आधी लिहून ठेवते, कारण तू समोर असतीस तर आधी तूच बोलली असतीस आणि माझं राहून गेलं असतं. मुंबईच्या विमानतळावर मला चक्कर आली, मी फरशीवर बसले, मग आडवी झाले, आणि तिकडे विमान माझी वाट न पाहता उडून गेलं. लोक म्हणाले ऊन लागलं. कोणी म्हणालं वय झालं. डॉक्टरीण बाई म्हणाली साखर उतरली. खरं कारण तू होतीस. तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी माझ्या ताटासमोर हात आडवा धरून बसायची तुझी सवय गेली नाही.

बस, झालं. आता माय, पाया पडते असं समज आणि ऐक. लिहायला मला वेळ लागतो. चौथीत असताना तू मला शाळेतून काढलं, धानाच्या रोवणीला हात कमी पडत होते म्हणून. त्याबद्दल आज भांडत नाही, एका दिवशी एकच भांडण पुरे. तुझा जावई ओसरीत झोपला आहे, धान मळून घरात आलं आहे, मला दुपारभर कोणी हाक मारणार नाही.

माझी लेक तू पाहिलेली नाहीस. एकच आहे. ती मस्कतला राहते. तो दुसरा देश आहे, समुद्राच्या पलीकडे, नुसते डोंगर आणि धूळ, झाड दिसलं तर लोक फोटो काढतात. तिचा नवरा तिथं समुद्राचं खारं पाणी गोडं करायच्या कारखान्यात आहे. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे तुला मी सांगायला नको, पण डॉक्टरांनी सांगितलं की इतक्या वर्षांनी राहिलं आहे, विमानात बसायचं नाही, हलायचं नाही. तिला माहेरी येता येईना, तेव्हा माहेरानेच पिशव्या भरल्या. मी सहा महिने तिकडे राहायचं ठरलं. तुझा जावई इथं राहणार होता, उन्हाळी धान शेतात उभं होतं आणि त्याला विमानापेक्षा धानाची काळजी जास्त.

बाळाला अजून दोन आठवडे होते. पण ज्या दिवशी मी निघाले त्याच पहाटे तिचा फोन आला. "आई, पोट दुखून राहिलं."

"कळा आहेत का गॅस आहे?"

"मला काय माहीत, मी पहिल्यांदाच करून राहिली हे." मग म्हणाली, "तू पोहोचशील ना? इथं बाईमाणूस कोणीच नाही. नर्स बोलतात ते अर्धं मला समजत नाही."

मी म्हटलं, विमान आहे, बैलगाडी नाही, दुपार उलटली की तुझ्यापाशी असेन. मी आल्याशिवाय काही करू नको. ती म्हणाली, "माझ्या हातात आहे का ते?" तेवढ्यात दाराशी गाडीचा हॉर्न वाजला. मी फोन ठेवला आणि त्या दिवशीचं माझं एकच काम ठरलं, की लेकरू बाहेर यायच्या आधी आपण तिथं असायचं.

आता जेवणाचं सांगते. तुला माहीत आहे, पण हा कागद उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती लागला तर त्याला कळावं म्हणून लिहिते. आपल्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्न खात नाहीत, पाणी पीत नाहीत. लेक दिली, आता तिच्या ताटावर आपला हक्क नाही. तिला लेकरू झालं की त्या लेकराच्या नात्यानं आपण जेवायला बसायचं. हे तू मला शिकवलं आणि मी पाळत आले. लेक नागपूरला राहायची तेव्हाही मी तिच्याकडे डबा घेऊनच जायची. तर मस्कतसाठीही मी माझी शिदोरी बांधली. दशम्या, मिरचीचा ठेचा, फुटाणे, गूळ, आणि घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत. बाळ होईपर्यंत माझं मी खाईन, असा हिशेब. तुझा जावई बघत होता. म्हणाला, "विमानात जेवन देतात म्हनते."

"तिकीट कोनं काढलं?"

"पोरीनं."

"मंग?"

त्याने पिशवीचं तोंड बांधून दिलं. गाडीत बसताना एवढंच म्हणाला, "उतरली का फोन कर. नाही उतरली तरी कर."

गाडी माझ्या जावयाने मस्कतहूनच ठरवून दिली होती. गोंदियाची रेल्वे कधी वेळेवर येते, कधी नाही, म्हणून गाडी. ती गाडी तिरोड्याच्या अलीकडे फाटकावर रेल्वेसाठीच थांबली. एक मालगाडी गेली, मग दुसरी गेली, मग गेटवाला आत जाऊन चहा पिऊन आला असेल. फाटक उघडलं तर पुढे लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी, रात्रीचं लग्न आटपून नवरी घेऊन चाललेली. मागच्या ट्रकवर आंदणाचं सामान, आणि त्यातली लोखंडी आलमारी दोर सुटून भर रस्त्यात आडवी पडलेली. दार उघडं, आतला आरसा फुटलेला. नवरीकडचे म्हणतात तुम्ही बांधलं नीट नाही, नवऱ्याकडचे म्हणतात तुम्ही आलमारीच हलकी दिली. कोणी उचलायला तयार नाही, कारण उचलली तर चूक आपली ठरते. नवरी खिडकीतून बघते आहे. आमचा ड्रायव्हर खाली उतरून कोणाचं बरोबर हे ऐकत उभा. मी काच खाली करून ओरडले, "माझी लेक अडली आहे, बाजूला करा ती आलमारी!" तेव्हा त्या नवरीनेच गाडीतून उतरून एका बाजूने हात लावला. मग लाजेने बाकीचे धावले. चांगली पोरगी होती. ड्रायव्हर गाडीत बसून मला म्हणतो, "काकी, टेंशन मत लो." मी त्याला सांगितलं, टेंशन मी घेतलेलं नाही, तू रस्ता घे.

नागपूरच्या विमानतळावर पोहोचलो तर सामान घ्यायची खिडकी बंद व्हायची वेळ. पळापळ. आणि इथं माझी अक्कल गेली ते खरं. सामान ओळखता यावं म्हणून मी दोन्ही पिशव्या एकाच जुन्या हिरव्या लुगड्याच्या शिवल्या होत्या. एकीत शिदोरी, डिंकाचे लाडू. दुसरीत बाळाची दुपटी, लंगोट, काजळाची डबी, बाळंतशेपा, ओवा. खिडकीवरची पोरगी म्हणाली, "आजी, यातली कोणती आत टाकायची?" मी घाईत बोट दाखवलं. पिशवी पट्ट्यावरून हळूहळू गेली आणि पडद्याआड दिसेनाशी झाली. मी तिच्याकडे बघत होते आणि मला काही कळलं नाही. पुढे तपासणीत पोलीस बाईने पाण्याची बाटली काढून घेतली. मी म्हटलं, आमच्या विहिरीचं आहे, गोड आहे, तू पिऊन बघ. ती म्हणाली, "आत मिळतं पाणी, आजी." आत जाऊन बसले, दशमी काढायला पिशवी उघडली, तर वरच लंगोट. खाली दुपटी. त्याखाली बाळंतशेपा. शिदोरी विमानाच्या पोटात गेली होती आणि मी रिकाम्या पोटाने वर बसणार होते.

चहा घ्यावा म्हणून तिथल्या दुकानापाशी गेले, भाव विचारला आणि परत आले. तेवढ्या पैशात आमच्या गावात हळदीचं जेवण होतं. पाण्याचा नळ होता, पण विमानातल्या संडासाची मला धास्ती. लेकीने सांगितलं होतं की तिथं पाणी आवाज करून ओढलं जातं. तेव्हा मी घोट घोटच प्याले.

विमानात एक पोरगी गाडा ढकलत आली, तोंडाला रंग, पण वागायला नीट. माझ्या पुढ्यात डबा ठेवला. "मॅम, आपका खाना."

"इसका पैसा किसने दिया?"

"टिकट में है, मॅम."

"टिकट में है तो नहीं चाहिए."

तिला वाटलं मला दुसरं काही हवं. "व्हेज है, मॅम."

"व्हेज होगा. नहीं चाहिए."

शेजारी नागपूरच्या एक बाई बसल्या होत्या, डोळ्यावर चष्मा, केस कापलेले. त्यांनी मला विचारलं उपास आहे का. मी सांगितलं ते सगळं, मूल, लेक, तिकीट. त्यांनी चमचा खाली ठेवला. "अहो आजी, पण विमान काय तुमच्या लेकीचं घर आहे का?"

"तिकीट तिचं आहे तोवर घर तिचंच."

"मग तुम्ही बसलात कशा त्याच्यात? बसणं चालतं आणि खाणं चालत नाही?"

यावर तू काय म्हणाली असतीस, माय? मी खिडकीकडे तोंड केलं आणि बाळंतशेपा चघळत बसले. त्या बाईंनी माझा डबाही उघडून त्यातला गोड पदार्थ खाल्ला. वाया जाऊ नये म्हणून, म्हणाल्या.

मुंबईला उतरल्यावर एक माणूस चाकाची खुर्ची घेऊन उभा. लेकीने माझ्यासाठी सांगून ठेवली होती, मला इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत म्हणून. मी त्याला सांगितलं, माझे पाय शाबूत आहेत, तूच बस. तो बिचारा रिकामी खुर्ची ढकलत पुढे, मी मागे. मग त्याला कोणाचा तरी फोन आला, तो थांबला, मी थांबले नाही. बाप्पा, केवढी ती जागा! आपल्या गोंदियाची सगळी धानगिरणी त्यात मावेल आणि वर बैलबाजार भरवता येईल. मी सरळ चालत गेले, सरळ चालल्यावर कुठेतरी पोहोचतो माणूस असं मला वाटत होतं. पोहोचले ती दुसऱ्याच टोकाला. तिथून मागे फिरले. लुगड्याची पिशवी खांद्याला, उन्हाळ्याचे दिवस, सकाळपासून पोटात शेपा. शेवटी पासपोर्टाच्या रांगेत उभी राहिले, तेव्हा समोरच्या माणसाची पाठ जवळ यायला लागली, मग लांब जायला लागली. पुढचं मी तुला वर सांगितलंच आहे.

डोळे उघडले तर पांढरी खोली. तरुण डॉक्टरीण बाई मराठीत म्हणते, "आजी, सकाळपासून काय खाल्लं?"

"बाळंतशेपा."

ती माझ्या तोंडाकडे बघते, मग पोटाकडे बघते, मग परत तोंडाकडे. मी म्हटलं, माझं नाही, लेकीचं आहे. तिने सलाइन आणलं. मी हात मागे घेतला. "याचे पैसे?"

"पैसे नाही लागत."

"मग लाव."

सलाइन थेंब थेंब पडत होतं आणि मी तिला विचारलं, मस्कतचं विमान? ती घड्याळाकडे बघून सलाइनची नळी नीट करायला लागली. त्यावरून मी समजले. मी उठायला लागले तर तिने खांद्याला धरून निजवलं. मस्कत काही आमच्या मुर्री गावाहून गोंदिया नाही, की बस गेली तर पायी निघावं. एवढं मोठं पाणी मध्ये. त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली, माय. माझ्या जिवाची नाही. तिकडे ती एकटी आहे, नर्स काय म्हणतात ते तिला अर्धंच कळतं, आणि मी इथं फुकटचं सलाइन घेत निजलेली.

फोन त्या डॉक्टरीण बाईने लावून दिला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. लेकीचा श्वास आधी ऐकू आला, मग ती. "कुठं आहेस? उतरलीस?"

"मुंबईतच आहे. चक्कर आली जराशी."

"चक्कर काऊन आली?" आणि लगेच, "तू खाल्लं नाहीस. आई, तू माझ्या तिकिटातलं खाल्लं नाहीस ना?"

"पिशवी चुकली. माझी शिदोरी होती."

"शिदोरी!" असं म्हणाली आणि एक कळ आली असावी, कारण पुढचं दातांतून आलं. "सहा वर्षं तू माझ्याकडे डबा घेऊन येत गेली. मी तुझ्यासाठी वांग्याची भाजी करायची आणि तू गॅलरीत बसून तुझा डबा उघडायची. नवऱ्याला मी सांगायची, आईचं पथ्य आहे. काय पथ्य आई? काय पथ्य होतं तुझं?"

"तसं असतं ते. आता होऊन राहिलं ना लेकरू."

"आणि झालंच नसतं तर?"

डॉक्टरीण बाई भिंतीकडे बघत होती.

"झालंच नसतं तर, ते सांग. तू मरेपर्यंत माझ्या घरी तहानलेलीच बसली असतीस का?"

मग तिकडून कोणी तरी अरबी का इंग्रजी बोललं आणि फोन जावयाने घेतला. "आई, तिला आत नेताहेत. पाचचं विमान आहे, तिकीट काढलं. आता खुर्चीत बसा, पाया पडतो." बंद.

आता मी तुला ती गोष्ट सांगते जी तुला ठाऊक आहे आणि मला सांगायची नव्हती. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली तोवर मला काही झालं नाही. तू देवरीहून बसने यायचीस, गोंदियाला उतरून पायी मुर्रीपर्यंत. डोक्यावर गाठोडं, हातात पितळी गडवा, त्यात तुझं पाणी. ओसरीत बसायची, आत नाही. माझ्या सासूला ते बरोबर वाटायचं. शेजारणींना माझं वय मोजायला तू एक निमित्त होतीस. ही बाई अजून गडवा घेऊनच येते, म्हणजे आत अजून पाळणा नाही. नवव्या वर्षी मला हिवताप आला. सासू शेतावर, तुझा जावई शेतावर, तू आलीस आणि राहिलीस. मी खाटेवर पडून बघते आहे. तू माझं अंग पुसतेस, माझ्या चुलीवर मला पेज करतेस, घोट घोट पाजतेस. स्वतःसाठी बाहेर अंगणात तीन दगड मांडून आणलेले तांदूळ शिजवतेस. गडव्यातलं पाणी दुपारीच संपतं. मे महिना, फरशीवर पाय ठेववत नाही. तू पदर डोक्यावर घेऊन मारुतीच्या देवळापाशी बोरिंगवर जातेस, हापसून गडवा भरतेस, परत येतेस. माझा माठ दारात, ओल्या फडक्यात, वाळूवर. तू त्याला वळसा घालून आत येतेस. तुझ्या ओठांना भेगा पडलेल्या.

मी म्हटलं, "माय, एक घोट पे ना यातलं. कोनी पाहून नाही राहिलं."

तू म्हणालीस, "कोनी पाहते म्हनून नाही पेत का मी? तुयं लेकरू होऊ दे. मंग तुया घरचा माठच तोंडाले लावतो."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं तू मला टोमणा मारला. अजूनही कधी कधी तसंच वाटतं. तू तीन दिवस राहून गेलीस, पावसाळ्यात तुला ती कावीळ झाली आणि पोळ्याच्या आधी तू गेलीस. पुढच्या वर्षी माझी लेक झाली. म्हणजे माझ्या घरचं पाणी तुझ्या तोंडात कधी गेलंच नाही, गंगाजळाचं सोडून दे, तेही मी तुझ्या घरी येऊन पाजलं. तेव्हा झालंच नसतं तर काय, हे माझ्या लेकीला मी सांगू शकले असते. मला माहीत होतं. पण ती कळा देत होती आणि डॉक्टरीण बाई ऐकत होती.

पाचच्या विमानाला मी मुकाट्याने खुर्चीत बसले. त्या माणसाने मला एवढ्या जोरात पळवलं की माझा पदर उडत होता. बहुतेक मी पुन्हा हरवेन अशी त्याला भीती. विमानात बसल्यावर फोन बंद करायला लावतात. तिकडे काय झालं, झालं की नाही, पोरगा की पोरगी, ती जिवंत आहे की नाही, काहीच कळायचा रस्ता नाही. समुद्र लागला म्हणे, मला खिडकी नव्हती. मग गाडा आला. पुन्हा तसाच डबा, वर चकचकीत कागद, आतून वाफ.

मी तो डबा माझ्यासमोर ठेवू दिला. मी विचार केला असं लिहीन तर खोटं होईल. मी एवढंच बघितलं की उतरल्यावर पुन्हा चक्कर आली तर माझी लेक मला खाटेवरून एकटीच हाका मारेल आणि मी दुसऱ्या कुठल्या तरी पांढऱ्या खोलीत असेन. कागद काढला. भात, पिवळी डाळ, पनीरचे तुकडे, एक पाव. सगळं खाल्लं. पावाला लावायचं लोणी होतं तेही खाल्लं. बाटलीभर पाणी प्याले आणि त्या आवाज करणाऱ्या संडासातही जाऊन आले. लेकीने सांगितलं तेवढं काही भयंकर नाही.

खाताना तुझी आठवण आली असं लिहायला पाहिजे. आली नाही. डाळीत मीठ कमी होतं, तेवढंच आलं मनात.

मस्कतला जावई दाराशी उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि हसत होता, तेव्हा मी हातातली पिशवी खाली ठेवली. मुलगी झाली होती, तासाभरापूर्वी. दवाखान्यात पोहोचले. लेक खाटेवर, केस कपाळाला चिकटलेले, कुशीत एवढंसं लाल तोंड. मी पोहोचायच्या आधी तिने ते एकटीने केलं होतं, आणि मी तिला काय सांगितलं होतं की मी येईपर्यंत काही करू नको. तिने माझ्याकडे बघितलं.

"आलीस."

"आली."

"जेवलीस?"

"जेवली."

"कुठं?"

"विमानात."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बाळंतीण झाली होती, डोकं शाबूत होतं. "ही झाली तेव्हा तू वर होतीस. फोन बंद होता. मग झाल्याचं तुला कोणी सांगितलं?"

मी दुपटं काढलं आणि बाळाचे पाय झाकायला लागले.

"आई."

"झोप तू. टाके आहेत."

"झालं नव्हतं तेव्हाच जेवली ना तू?"

"पोटात कावळे ओरडत होते. घड्याळ कोण बघते?"

ती हसायला लागली, हसताना टाके ओढले, आई गं म्हणाली, मग रडायला लागली आणि मधेच मला म्हणाली, "लोणी पण खाल्लं का?" मी म्हटलं, खाल्लं. जावयाला काय चाललं आहे काही कळेना, तो दाराशी उभा राहून दोघींकडे बघत होता. माझी शिदोरी दुसऱ्या दिवशी आली. दशम्यांना बुरशी लागली होती. लाडू चांगले होते.

तीन वर्षं झाली त्याला. मी सहा महिने राहिले, तिच्या हातचं खाल्लं, तिची भाजी आळणी असते आणि मी ते तिला रोज सांगितलं. आता मी इकडे असते, ती पोरीला घेऊन उन्हाळ्यात येते. काल फोनवर म्हणाली, "ऐकून ठेव आई, माझ्या लेकीचं लग्न झालं ना, तर मी तिच्या घरी पहिल्याच दिवशी पोटभर जेवीन." मी म्हटलं, "जेव. तुला कोण अडवते." आणि फोन ठेवल्यावर मला वाटलं की तुला हे कळायला पाहिजे, माझ्या तोंडून कळलेलं बरं.

हा कागद कुठे पाठवता येत नाही हे मला समजतं. मी अडाणी आहे, खुळी नाही. शिवाय एक गोष्ट मी लेकीलाही सांगितली नाही. ती विचारते, आजीच्या वागण्याचा तुला राग येत होता का, आणि मी म्हणते हो. राग येत होता, पण तू येणार असलीस की मी आदल्या दिवशी माठ घासायची, नवं फडकं बांधायची आणि पाण्यात वाळ्याची जुडी टाकायची. दर वेळी.

तर मला एवढंच सांग. त्या दुपारी बोरिंगवर जाताना माझ्या माठातलं पाणी प्यावंसं तुला वाटलं होतं का नाही. रीत कशी, लोक काय म्हणतात, ते सांगू नको, मला येतं ते. हो का नाही, तेवढं. आणि तिथं जवळ बाबा असतील तर त्यांना म्हणावं गप्प बसा. तुला काही विचारलं की जन्मभर तेच बोलत आले, तिला चालते, तिला नाही लागत. या वेळी त्यांनी बोलायचं नाही. तू सांगायचं, तुझ्या तोंडानं.